चार बोटं माया

दि. ४ जानेवारी, रविवार

चि. भिंगरीस,

ताईचा आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरत गेलेली. शाळेतल्या बाई म्हणायच्या ना, ‘हिची अक्षरं निघाली बाजाराला!’ सगळा वर्ग हसायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचीस.

इकडे सर्व ठीक. आई नाही, ते सोडून. नळाला पाणी वेळेवर येतं, जिन्यातला दिवा कुणीतरी एकदाचा बदलला, माझा डावा गुडघा थंडीत कुरकुरतो. छकुलीचा खोकला गेल्या वर्षी मामा म्हणत होते तो थांबला का? चार पानांत पोरीचं नाव एकदाही नाही, म्हणून विचारते.

‘मी सख्खी बहीण, आणि मला मामांकडून चार दिवसांनी कळावं?’ असं तू विचारतेस. सख्खीच आहेस. पण तीन वर्षांपूर्वी माझा नंबर तू बंद करून टाकलास आणि वर मामांकडे निरोप ठेवलास, की ताईचं मला तोंड बघायचं नाही. तोंड नको, आवाज नको, मग मी काय कबुतर पाळायचं होतं? मामांना मी चौथ्या दिवशी सांगितलं, कारण पहिले तीन दिवस मला कुणाशी बोलायचं नव्हतं. तोवर सगळं आटोपलं होतं. तुझी येण्याची दगदग वाचली असं समज.

पत्राच्या शेवटी तू दोन गोष्टी विचारल्यास. आईनं शेवटी मला बोलावलं होतं का, ही एक. आणि तिच्या हातचं काहीतरी आठवण म्हणून पाठव, ही दुसरी.

दुसरीचं आधी बोलू. आईच्या खोलीत सध्या काय काय आहे ते सांगते. पाय दाबायची यंत्रं दोन, त्यातलं एक अजून कागदात. हवा ओली करायचं भांडं. हवा कोरडी करायचं भांडं. मान ठेवायच्या उशा सहा. अंधारात आपोआप पेटणारे दिवे, जे भर दुपारीही पेटतात. आणि गळ्याचं ऑपरेशन होऊन जिचा आवाज कायमचा गेला, त्या बाईला तू पाठवलेला गाणी म्हणायचा माइक. रंगीत दिव्यांचा. तो आला तेव्हा आईनं हातात धरून खालीवर बघितला आणि पाटीवर लिहिलं, ‘चुकून आला असेल.’ चुकूनच आला होता. तू मागवलेलं दुसरंच काहीतरी असणार. पण तू विचारायला फोन केला नाहीस आणि ती सांगू शकली नाही. तो खिडकीत उभा आहे.

यातली हवी ती आठवण सांग, पाठवते. पण या आठवणी तुझ्या आहेत, आईच्या नाहीत.

माझं काम विचारशील तर तेच. नाही विचारणार, तरी सांगते, कारण तू लोकांना ‘ताई गोदामात असते’ एवढंच सांगतेस असं कानावर आहे. लोकांनी मागवलेला आणि नको म्हणून परत धाडलेला माल आमच्याकडे येतो. या भागातला सगळाच. त्यातला जो पुन्हा घडी घालून विकण्यापेक्षा टाकलेला बरा, तो माझ्या टेबलावर येतो. या कामाला आम्ही फाडणी म्हणतो. कपडा टेबलावर पसरायचा, गळ्यापासून खालपर्यंत एक चीर द्यायची, मग पोटावर आडवी एक. दोनच. कुणाला उचलून शिवून घालता येऊ नये म्हणून. दिवसाला चारशे नग होतात. हात आता इतका बसलाय की बोलता बोलता होतं.

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा आवाज होता. ‘नवं कोरं?’ म्हणाली. म्हटलं, नवं कोरं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून तिनं आपल्याला वाढवलं, तिची थोरली पोट भरते ती फाडून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सवडीनं देईन. तब्येतीस जप. छकुलीस पापा.

ताई


दि. २९ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि तुझा खोका एकाच दिवशी आले. दुसऱ्या दिवशी तोच खोका पुन्हा आला. दोन्हीत दिव्यांची फोटोफ्रेम, बटण दाबलं की आईच्या तोंडावर उजेड पडतो. एका आईला दोन चौकटी! दुसरी बहुधा माझ्यासाठी असावी. ठेवून देते, वाया जायची नाही.

रागावून लिहिलंयस. ठीक आहे, राग आला की तुझी वाक्यं निदान सरळ होतात. पण मधेच एक वाक्य आहे ते तुझं वाटत नाही, कुणा समुपदेशक बाईंनी पढवलेलं वाटतं. ‘आईची सगळी माया तुझ्या वाट्याला आली, मला फक्त वस्तू मिळाल्या, म्हणून मी अशी झाले.’

अगं, शिवणकामाच्या घरात जन्माला आलीस आणि हा शब्द असा वापरतेस? माया म्हणजे काय ते विसरलीस की काय? शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ती माया. पोर वाढलं की शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, कपडा आणखी एक वर्ष चालतो. इतर लोक बोटभर ठेवतात, आई चार बोटं ठेवायची. माझा शाळेचा फ्रॉक असा चार चार वर्षं चालायचा. उसवलेल्या जागी कापड गडद निघायचं, दर वर्षी एक नवा पट्टा. मागच्या बाकावरच्या मुली माझ्या पाठीवरचे पट्टे मोजायच्या आणि मी कितवीत नापास झाले असा हिशेब काढायच्या. चार वर्षांनी तो इतका विरायचा की तुझ्या अंगाला चढवणं शक्य नसायचं. मग तुला नवा. दर खेपेला नवा. आणि तू तर भिंगरी, सहा महिन्यांत चिंध्या करायचीस. म्हणून तुझ्या कपड्यात आई माया ठेवायचीच नाही. ‘हिला कशाला, वाढायच्या आधी फाडेल,’ म्हणायची आणि हसायची. तुझं नाव घेताना ती नेहमी हसायची.

तेव्हा तू म्हणतेस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माया मला, नवं तुला. अदलाबदल करतेस का, असं मला त्या वयात कुणी विचारलं असतं तर मी एका उडीत हो म्हटलं असतं.

तू लिहितेस, तीन वर्षांपूर्वी मी तुझ्या घरी येऊन तुझा अपमान केला. केला. पण काय बघून केला तेही लिहायचं होतंस. बुधवार होता. बुधवारी तुमच्याकडे परतीचे खोके न्यायला माणूस येतो. मधल्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि तू जमिनीवर बसून परतीच्या चिकटपत्त्यांची चळत घेऊन खोक्यांवर धडाधड डकवत होतीस. एकही उघडलेला नव्हता. मी म्हटलं, ‘अगं, उघडून तरी बघ, आत काय आहे.’ तू म्हणालीस, ‘ताई, मागवलं काय होतं तेच आठवत नाही, तर बघून काय करू?’ आणि कुठली पत्ती कुठल्या खोक्याची हे न बघताच पुढची डकवलीस. ‘त्यांना काय फरक पडतो, जाऊन कचऱ्यातच पडतं.’ माझ्यासमोर म्हणालीस हे. ते माझ्याच टेबलावर येऊन पडतं हे तुझ्या गावीही नव्हतं.

छकुली तेव्हा तीन वर्षांची होती. मी नेलेली लाकडी बदकं तिनं हातात घेतली आणि मला विचारलं, ‘मावशी, हे ठेवायचं की परत जाणार?’ मी म्हटलं, ठेवायचं हो बाळा. मग जरा वेळानं म्हणाली, ‘मावशी, तू परत जाणार?’ मी हसले. तुला राग आला. मग मी म्हणाले ते म्हणाले, की गोदामात मी रोज जातेच, सुट्टीच्या दिवशी आणखी एक बघायला कशाला आले. तू दार दाखवलंस. अति तिथे माती, दुसरं काय!

आता पहिला प्रश्न.

ऑक्टोबरअखेर आईच्या गळ्यात पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, सहा आठवडे, फार तर आठ. मी खोलीत गेले तर आईनं पाटीवर लिहून ठेवलं होतं, ‘किती?’ मी बोटांनी सहा दाखवले. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवरचं झाकण काढलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, फोनवरची बटणं तर वर्षभर दिसत नव्हती, पण हातांना शिवण दिसायची. आठवडाभर बसून तिनं छकुलीला पिवळा फ्रॉक शिवला. सहाव्या वर्षाचं माप, गळ्याला झालर, आणि आत चार बोटं माया. फ्रॉकच्या घडीत तुला चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी मी वाचली, कारण तिनं ती उघडीच ठेवली होती. ‘ये. छकुलीला आण. फार दिवस नाहीत. ताईचं मनावर घेऊ नकोस, तिची जीभ तशीच आहे.’

२२ नोव्हेंबरला मी स्वतः खोका बांधून तुझ्या पत्त्यावर पाठवला. पोचल्याची नोंदही आली. तू आली नाहीस.

मिळालं उत्तर? बोलावलं होतं.

ताई


दि. १५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. ‘आईशपथ सांगते, मला काही मिळालं नाही. कुरिअरवाल्यानं गहाळ केलं असेल, मी तक्रार नोंदवते. ताई, मी आले असते गं. अनवाणी आले असते.’ खाली शाई फुटली आहे, म्हणजे रडली असशील.

आईशपथ वगैरे घेऊ नये असं आपण लहानपणी म्हणायचो. आता घ्यायला हरकत नाही, तिचं काही बिघडत नाही. पण शपथेची गरज नव्हती. माझा विश्वास आहे. तुला चिठ्ठी मिळाली असती तर तू आली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. तक्रार नोंदवू नकोस. कुरिअरवाल्याची काही चूक नाही. आता पुढचं एका बैठकीत वाच.

खोका हरवला नाही. तू तो परत केलास.

त्यात माझी चूक एवढीच, की मी तो गोदामातल्या खोक्यात बांधला. मोकळे खोके आम्हाला गेटवरून नेऊ देतात, मजबूत असतात, घरात कशालाही उपयोगी पडतात. कंपनीचं लाल चिन्ह, कंपनीचीच चिकटपट्टी. वर पांढऱ्या कागदावर तुझा पत्ता माझ्या अक्षरात. तुझ्या दारात तसले दहा खोके असणार, हा अकरावा. तू पत्ता कशाला वाचशील? बुधवार आला, तू जमिनीवर बसलीस, हाताला लागली ती पत्ती त्यावर डकवलीस.

३ डिसेंबरला तो गोदामातल्या सरकत्या पट्ट्यावरून माझ्याकडे आला. माल परत येतो तो या भागातला सगळा इथेच येतो, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तेव्हा लक्षात आलं नसेल. पत्तीवर छापलं होतं, ‘बाथरूमचं पायपुसणं, करडं, नग दोन. परत करण्याचं कारण: मन बदललं.’ पत्तीच्या खालून माझ्या अक्षराचं शेपूट दिसत होतं. आणि चिकटपट्टी मी टोकाला दुमडून ठेवते, उघडणाऱ्याला नख लावायला जागा राहावी म्हणून. ती दुमड तशीच होती. कुणी नख लावलंच नव्हतं.

मी लावलं. आत फ्रॉक, फ्रॉकच्या घडीत चिठ्ठी, मी ठेवली होती तशीच.

पत्तीवर एक आणि आत दुसरं निघालं की तो माल फाडणीत जातो, असा नियम. ‘नियम होता, नोकरी जाईल म्हणून मी भ्याले,’ असं लिहायचं मी ठरवलं होतं. दोन दिवस तसा कागद लिहूनही ठेवला होता. तुला पटलंही असतं. पण आमचे मुकादम शेजारी उभे होते. भला माणूस. त्यांनी फ्रॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, हे घरी शिवलेलं दिसतंय. ओळखीचं आहे का? असलं तर बाजूला ठेवा, संध्याकाळी घेऊन जा. गेटवर मी सांगतो.’

मी म्हटलं, ‘नाही हो. असेल कुणाचं तरी.’

मग मी तो टेबलावर पसरला. गळ्यापासून खाली एक. पोटावर आडवी एक. आडव्या चिरेला बाजूच्या शिवणीत कटर अडकला. माया होती ना आत, चार पदर कापड. गेल्या सात वर्षांत माझा कटर असा कधी अडकला नव्हता, त्या दुकानी कपड्यांत आत काही नसतंच. जोर लावावा लागला. लावला. चिठ्ठी कागदांच्या पिंपात टाकली.

आई तेव्हा जिवंत होती. तिला अजून चौदा दिवस होते. तुझा नंबर मला पाठ आहे, मुकादमांच्या फोनवरून एक फोन, आणि तू रात्रीपर्यंत पोचली असतीस. अनवाणी, किंवा चपला घालून.

का नाही केला म्हणशील. आधी राग आला. ‘मन बदललं’ हे वाचून डोकं फिरलं. पण रागानं एक दिवस निघतो, चौदा निघत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून राग नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. रोज कामावरून यावं, जिना चढावा, आणि वर ती फक्त माझी वाट बघत असावी. तिचं तोंड पुसणं माझं, तिची पाटी वाचणं माझं. पाटी पुसायचा बोळाही माझ्याच हातात. चाळीस वर्षं तिच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात तू होतीस. भिंगरीला आवडतं, भिंगरी आली असती, भिंगरी असती तर हसली असती. एकदा तरी ती अख्खी मला हवी होती, कुणाला तुकडा न देता.

तू घर खोक्यांनी भरलंस म्हणून मी तुला हावरट म्हणाले होते. माझा हावरेपणा तुझ्यापेक्षा वाईट आहे, हे मला कळतं. तुझा माल निदान परत तरी जातो.

आईला मी खोटं सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण खोट्यापेक्षा खरं जास्त लागतं हे मला तेव्हा माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बसून मी म्हटलं, ‘आई, भिंगरीनं खोका परत पाठवला.’ पाच शब्द. एकही खोटा नाही. मला वाटलं आता रडेल. ती रडली असती तर कदाचित मी सगळं सांगून टाकलं असतं, कुणास ठाऊक.

तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मापात नाही बसला?’

मी म्हटलं, ‘काय माहीत.’

तिनं लिहिलं, ‘आत माया आहे. उसव म्हणावं.’

मी पाटी पुसली.

तू चिठ्ठी वाचून आली नाहीस, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. तिला वाटलं, फ्रॉक आखूड झाला. पोर वाढली, आपण तीन वर्षांपूर्वीच्या अंदाजानं कापलं, चूक आपली. सकाळी उठून पाहते तर ती मशीनवर. कपाटातलं तिचं स्वतःचं निळं सुती कापड काढलेलं, जे ती दहा वर्षं कशासाठी तरी जपत होती. खडूनं आखणी चाललेली. दुसरा फ्रॉक, दोन मापं मोठा.

चौदा दिवस ती तो शिवत होती, भिंगरी. पाय चालेनात तेव्हा मशीन सोडून हातानं. दहा टाके घालायची आणि डोकं भिंतीला टेकवून पडायची. डॉक्टर म्हणाले, त्यांना झोपू द्या, त्यांचं काय अडलंय? सुईत दोरा तिला ओवता यायचा नाही. मी ओवून द्यायचे. रोज, न कुरकुरता, पन्नासएक वेळा तरी ओवला असेल. प्रत्येक वेळी वाटायचं की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी मी दोऱ्याला गाठ मारून सुई तिच्या हातात दिली. तिला वाटत होतं, हा बसेल आणि तू येशील. पाटीवर तिनं शेवटचं लिहिलं तेही तेच, ‘छकुलीची उंची विचार.’ १७ तारखेला दुपारी मी वाटीत पाणी घेऊन आले तेव्हा सुई तिच्या बोटांत होती आणि ती नव्हती.

तुला रडायला ही जागा पुरेशी आहे. माझं रडून झालं, पण त्यानं मला काही हलकं वाटलं नाही, तेव्हा तुलाही वाटेल अशी आशा धरू नकोस. मला माफ कर असंही लिहीत नाही. तू करशील, हे मला ठाऊक आहे. तुझं मन बदलायला वेळ लागत नाही. म्हणूनच नको.

तिच्या हातचं काहीतरी तू मागितलं होतंस. तो निळा फ्रॉक आहे. डावी बाही राहिली आहे, ती मी लावीन, मला तेवढं शिवता येतं. आठव्या वर्षाच्या मापानं कापलाय, आणि आत चार बोटं माया, मी टेप लावून बघितली. जपून उसवत गेलं तर छकुलीला दहा पुरी होईपर्यंत अंगाला येईल.

तिचा अकरावा वाढदिवस झाला, की पाठवीन.

तुझी सख्खी,
ताई